कसोटी क्रिकेटचा कर्णधार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामना बघताना घरात, कट्ट्यावर, लोकलमध्ये कर्णधारावर सगळ्यात जास्त बोललं जातं. हरला की तोच, जिंकला तरी तोच. पण तो नेमकं काय करतो याबद्दल प्रश्नही तितकेच असतात. सतत कानावर येणारे प्रश्न आणि मला पटलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

कसोटीचा कर्णधार आणि टी-२०चा कर्णधार, काम एकच ना?

नाही. टी-२०मध्ये षटकं मोजून दिलेली असतात. वीस षटकं संपली की डाव संपला, बळी गेले असोत वा नसोत. कसोटी जिंकायची तर साधारणपणे समोरच्या संघाचे वीस बळी घ्यावेच लागतात आणि त्यासाठी पाच दिवस असतात. त्यामुळे कसोटीच्या कर्णधाराचं खरं भांडवल म्हणजे वेळ. धावा किती झाल्या की थांबायचं, थकलेल्या गोलंदाजाला अजून दोन षटकं द्यायची की नवा चेंडू येईपर्यंत राखून ठेवायचं, ढगाळ सकाळ अंगावर घ्यायची की टाळायची, असे सगळे निर्णय शेवटी एकाच हिशेबाला येऊन मिळतात: हातात उरलेल्या वेळात वीस बळी बसतात का?

नियमांनी त्याला कोणते अधिकार दिलेत?

नाणेफेक, अकरा जणांची यादी देणं, डाव घोषित करणं, फॉलोऑन लादणं, नवा चेंडू मागणं, क्षेत्ररक्षण करताना डीआरएस मागणं, म्हणजे पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागणं. नवा चेंडू ऐंशी षटकांनंतर कधीही मागता येतो, घ्यायलाच हवा असं नाही. फिरकी गोलंदाजाला जुन्या चेंडूवर पकड मिळत असेल तर शहाणा कर्णधार पाच-दहा षटकं थांबतो. डीआरएससाठी पंधरा सेकंद मिळतात आणि कसोटीत प्रत्येक डावात तीन चुकीची दाद मागण्याची मुभा असते. २०१९मध्ये हेडिंग्लीला ऑस्ट्रेलियाचा कर्णधार टिम पेनने शेवटची दाद एका निरर्थक पायचीतवर घालवली. पुढच्याच षटकात नेथन लायनच्या चेंडूवर बेन स्टोक्स पायचीत दिसत होता, पण पेनच्या हातात काही उरलं नव्हतं. इंग्लंडने तो सामना एका गड्याने जिंकला.

नाणेफेक जिंकली की फलंदाजीच घ्यायची, असं जुने लोक का म्हणतात?

खेळपट्टी पाच दिवसांत झिजते आणि चौथा डाव सगळ्यात अवघड जातो म्हणून. बहुतेक वेळा ते खरंच असतं. नोव्हेंबर २००२मध्ये ब्रिस्बेनला इंग्लंडचा कर्णधार नासिर हुसेनने नाणेफेक जिंकून ऑस्ट्रेलियाला फलंदाजी दिली. पहिल्या दिवसअखेर ऑस्ट्रेलिया २ बाद ३६४. इंग्लंड ३८४ धावांनी हरलं.

पण उलटही होतं. ऑक्टोबर २०२४मध्ये बंगळुरूला पाऊस होऊन गेला होता, वर ढग होते, तरी रोहित शर्माने फलंदाजी घेतली आणि न्यूझीलंडने भारताला ४६ धावांत गुंडाळलं. खेळपट्टी वाचण्यात आपण चुकलो, हे रोहितने नंतर सगळ्यांसमोर मान्य केलं. मला त्याचं ते मान्य करणं महत्त्वाचं वाटतं. कर्णधार चुकणारच. चूक गोलंदाजांच्या किंवा मैदान तयार करणाऱ्यांच्या माथी मारली की ड्रेसिंग रूममधला विश्वास जातो.

फॉलोऑनचा नियम नीट सांगाल का? आणि त्यात कर्णधाराचं काय कसब?

पाच दिवसांच्या सामन्यात पहिल्या डावात २०० किंवा जास्त धावांची आघाडी असेल तर समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजी करायला लावता येते. लावायची की नाही, हे कर्णधाराच्या मर्जीवर असतं. पण या नियमाला एक पोटकलम आहे आणि आमच्या पिढीला ते तेव्हाचे भारताचे कर्णधार अजित वाडेकर यांच्यामुळे पाठ झालं.

फेब्रुवारी १९७१, किंग्स्टन, जमैका. पहिला दिवस पावसात वाहून गेला. भारत ५ बाद ७५. तिथून दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या, एकनाथ सोलकरने ६१ करून त्यांना साथ दिली आणि भारत ३८७वर पोचला. सरदेसाई मूळचे मडगावचे. दौऱ्याच्या संघात त्यांना घ्यायचं की नाही यावर निवड समिती साशंक होती, वाडेकरांनी आग्रह धरला होता. पुढे वेस्ट इंडिज २१७वर बाद. आघाडी १७०. दोनशेला तीस कमी, म्हणजे मैदानावरच्या बहुतेकांच्या डोक्यात फॉलोऑनचा विचारही नव्हता. पण पहिला दिवस पूर्ण वाया गेला की उरलेल्या दिवसांवरून सामना मोजतात. सामना चार दिवसांचा झाला आणि चार दिवसांच्या सामन्यात १५० धावांची आघाडी पुरते. वाडेकर थेट वेस्ट इंडिजच्या ड्रेसिंग रूमकडे गेले आणि त्यांनी त्यांचे कर्णधार गॅरी सोबर्स यांना सांगितलं की तुम्हालाच पुन्हा खेळायचं आहे. वेस्ट इंडिजवर फॉलोऑन लादण्याची भारताची ती पहिलीच वेळ.

सामना अनिर्णित राहिला. रोहन कन्हायने नाबाद १५८, सोबर्सनी ९३ काढल्या. मग फायदा काय झाला, असं कुणी विचारतं. फायदा पुढच्या कसोटीत दिसला. पोर्ट ऑफ स्पेनला भारत सात गड्यांनी जिंकला, वेस्ट इंडिजविरुद्धचा आपला पहिला विजय. दुसऱ्या डावात वाडेकरांनी सलीम दुराणीच्या हाती चेंडू दिला आणि दुराणीने क्लाइव्ह लॉइड आणि सोबर्स दोघांनाही काढलं. त्याच सामन्यात पदार्पण करणाऱ्या एकवीस वर्षांच्या सुनील गावसकरने ६५ आणि नाबाद ६७ केल्या. माझ्या मते त्या मालिकेची दिशा सोबर्सच्या ड्रेसिंग रूमच्या त्या दरवाजात बदलली. भारतीय संघ अनिर्णित सामन्यासाठी खेळायला आलेला नाही, हे यजमानांना तिथे पहिल्यांदा कळलं.

मग फॉलोऑन मिळाला की नेहमी लादावा?

कोलकाता २००१ नंतर तसं कुणी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह वॉने २७४ धावांच्या आघाडीवर भारताला पुन्हा खेळायला लावलं. सौरव गांगुलीच्या संघाने पहिल्या डावात सहाव्या क्रमांकावर खेळलेल्या लक्ष्मणला तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. लक्ष्मण २८१, द्रविड १८०, भारत १७१ धावांनी विजयी. वॉच्या गोलंदाजांना दोन डाव सलग टाकावे लागले, कोलकात्याच्या उकाड्यात. आज बहुतेक कर्णधार गोलंदाजांना विश्रांती देऊन आपणच पुन्हा फलंदाजी करतात. तरी बेन स्टोक्सने २०२३मध्ये वेलिंग्टनला फॉलोऑन दिला आणि इंग्लंड एका धावेने हरलं. मला स्टोक्सचा तो निर्णय चुकीचा वाटत नाही. जिंकायला निघालेला कर्णधार कधीतरी असा हरतोच.

डाव घोषित करताना खेळाडूच्या शतकासाठी थांबावं का?

मुलतान, २००४. गांगुली जखमी असल्याने राहुल द्रविड कर्णधार. सचिन तेंडुलकर १९४वर खेळत असताना द्रविडने डाव घोषित केला. त्या संध्याकाळी महाराष्ट्रात किती घरांत भांडणं झाली असतील! भारत एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला, पाकिस्तानच्या भूमीवरचा आपला पहिला कसोटी विजय. सचिन नाराज झाला, त्याने ते लपवलंही नाही. द्रविडचा हिशेब मात्र गोलंदाजांना त्या संध्याकाळी मिळणाऱ्या षटकांचा होता. मी तेव्हा सचिनच्या बाजूने होतो. आज द्रविडच्या बाजूने आहे, फक्त निरोप आधी आणि स्पष्ट जायला हवा होता असं वाटतं.

त्याच्या उलट ऑस्ट्रेलियाचा कर्णधार मार्क टेलर. १९९८ला पेशावरमध्ये तो स्वतः नाबाद ३३४वर होता, ब्रॅडमनच्या सर्वोच्च धावसंख्येच्या बरोबरीला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डावच घोषित केला.

आणि धाडस अंगलट आल्याचं उदाहरण म्हणजे खुद्द सोबर्स. मार्च १९६८, पोर्ट ऑफ स्पेन: २ बाद ९२वर डाव घोषित करून इंग्लंडपुढे १६५ मिनिटांत २१५चं आव्हान. इंग्लंडने ते सात गडी राखून पार केलं आणि मालिकाही नेली.

फलंदाजी यथातथा असलेल्या माणसाला केवळ डोक्यासाठी कर्णधार करावं का?

इंग्लंडचा माइक ब्रेअर्ली हे नाव याच प्रश्नासाठी घेतलं जातं. ३९ कसोटी, सरासरी २२.८८, एकही शतक नाही. पण कर्णधार म्हणून ३१ कसोटींत १८ विजय आणि फक्त ४ पराभव. १९८१मध्ये इयन बोथमने लॉर्ड्सवर दोन्ही डावांत शून्यावर बाद होऊन कर्णधारपद सोडलं आणि ब्रेअर्लीला परत बोलावलं गेलं. हेडिंग्लीला इंग्लंड फॉलोऑननंतर हरण्याच्या बेतात होतं. ओझं उतरलेल्या बोथमने नाबाद १४९ काढल्या. ऑस्ट्रेलियाला १३० हव्या होत्या. ब्रेअर्लीने बॉब विलिसची बाजू बदलून त्याला कर्कस्टॉल लेन टोकाकडून आणलं. विलिस ४३ धावांत ८ बळी, ऑस्ट्रेलिया १११.

आजच्या संघात मात्र अशी जागा मिळणं कठीण. बावीसच्या सरासरीचा फलंदाज घेतला म्हणजे बाकीच्या दहा जणांवर त्याच्या धावांचा बोजा पडतो, आणि ड्रेसिंग रूम हे फार दिवस सहन करत नाही.

गोलंदाज कर्णधार इतके कमी का?

स्वतःला किती षटकं द्यायची, हे स्वतःच ठरवणं अवघड. कुणी स्वतःला जास्त टाकतो, कुणी संकोचाने कमी. तरी बिशनसिंग बेदी, कपिल देव, इम्रान खान, अनिल कुंबळे, आता पॅट कमिन्स ही नावं आहेतच. जसप्रीत बुमराने नोव्हेंबर २०२४मध्ये पर्थला संघ सांभाळला आणि भारत २९५ धावांनी जिंकला.

क्षेत्ररचना कोण करतो, गोलंदाज की कर्णधार?

दोघं बोलून. पण शेवटचा शब्द कर्णधाराचा, आणि त्याचं वजन किती असतं हे डग्लस जार्डिनने दाखवलं. जन्म मुंबईचा, भारताच्या पहिल्या कसोटीत लॉर्ड्सवर १९३२ साली इंग्लंडचा कर्णधार तोच. त्याच हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात त्याने लेगला, म्हणजे फलंदाजाच्या पायांच्या बाजूला, क्षेत्ररक्षकांची भिंत उभी करून हॅरॉल्ड लारवुडला फलंदाजांच्या अंगावर गोलंदाजी करायला लावली. मालिका जिंकली, दोन देशांचे संबंध बिघडले आणि पुढे नियमही बदलत गेले. आज लेगच्या बाजूला क्रीजच्या मागे यष्टिरक्षक सोडून दोनच जण उभे करता येतात.

भारताचा कर्णधार कोण ठरवतं?

निवड समिती. पण इतिहास बघितला तर आधी राजवाडे, मग मंडळातलं राजकारण आणि फार उशिरा क्रिकेट असा क्रम दिसतो. १९३२च्या दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते. त्यांनी मोठेपणाने बाजूला होऊन नागपूरच्या सी. के. नायडूंना पुढे केलं, म्हणून पहिल्या कसोटीत खरा क्रिकेटपटू कर्णधार झाला. १९३६ला विजयानगरमचे महाराजकुमार आले आणि लाला अमरनाथना दौऱ्याच्या मध्यातून घरी पाठवलं गेलं. इंग्लंडमध्येही फारसं वेगळं नव्हतं. कर्णधार हौशी सद्गृहस्थच हवा असा तिथे दंडक होता. तो १९५२मध्ये मोडला आणि लेन हटन हे आधुनिक काळातले पहिले व्यावसायिक कर्णधार झाले, तेही भारताविरुद्ध. समोर कर्णधार होते सांगलीचे विजय हजारे. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला हजारेंनी भारताला पहिला कसोटी विजय मिळवून दिला होता.

१९५८-५९च्या वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत तर पाच कसोटींत चार कर्णधार झाले: पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मंकड, हेमू अधिकारी. अशा संघाने काय जिंकायचं?

१९७१चा निर्णय म्हणूनच मोठा. पतौडी की वाडेकर यावर समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांनी निर्णायक मत वाडेकरांना दिलं. पतौडींविषयी मला मनापासून आदर आहे. तेव्हाचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांना बार्बाडोसमध्ये डोक्याला चेंडू लागला तेव्हा एकविसाव्या वर्षी संघ त्यांच्या अंगावर पडला आणि त्यांनी प्रांतांच्या गटांत विभागलेल्या खेळाडूंना भारतासाठी खेळायला शिकवलं. वाडेकरांनी त्या पायावर घर बांधलं.

वाडेकरांचं पुढे काय झालं?

१९७१च्याच ऑगस्टमध्ये ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१वर गुंडाळलं. भारत चार गड्यांनी जिंकला, इंग्लंडमधला पहिला विजय आणि पहिली मालिका. त्यानंतर मायदेशात इंग्लंडला २-१ हरवलं. मग १९७४: इंग्लंडमध्ये ३-० पराभव, लॉर्ड्सवर ४२ सर्वबाद. इंदूरला १९७१च्या विजयाच्या स्मरणार्थ उभारलेली काँक्रीटची बॅट लोकांनी विद्रूप केली. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं आणि त्यांनी निवृत्ती घेतली. तीन वर्षांत डोक्यावर घेतलं आणि खाली आपटलं. हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

अजिंक्य रहाणेबद्दल मराठी माणसं भावनेपोटी जास्त बोलतात का?

थोडी भावना आहे, ती नाकारत नाही. पण हिशेब मांडा. कर्णधार म्हणून सहा कसोटी, चार विजय, दोन अनिर्णित, पराभव नाही. पहिली २०१७ला धरमशाला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. मालिका १-१, कोहली खांद्याच्या दुखापतीने बाहेर. त्याच्या जागी फलंदाज न घेता पाचवा गोलंदाज म्हणून नवखा कुलदीप यादव खेळला आणि त्याने पहिल्या डावात चार बळी घेतले. वीस बळींचा हिशेब म्हणतात तो हा.

मग डिसेंबर २०२०. ॲडलेडला ३६ सर्वबाद, कोहली बाळाच्या जन्मासाठी परतलेला, शमी जायबंदी. मेलबर्नला पहिल्याच सत्रात रहाणेने अश्विनला आणलं. स्टीव्ह स्मिथसाठी लेग स्लिपला पुजारा उभा होता आणि स्मिथ शून्यावर त्याच्याच हातात गेला. पदार्पण करणाऱ्या सिराजला मात्र उपाहारापर्यंत चेंडूच दिला नाही. काहींना ते विचित्र वाटलं. मला वाटतं, त्या मुलाला नुकतेच वडील गेले होते, पहिल्या सकाळचा ताण त्याच्यावर टाकला नाही, हे शहाणपण होतं. उपाहारानंतर आल्यावर त्याने लाबुशेनला काढलं.

रहाणेच्या ११२ धावा सगळ्यांना आठवतात. मला आठवतो तो बाद झाला तो क्षण. जाडेजा ४९वर होता, एका अवघड धावेसाठी त्याने हाक दिली आणि रहाणे धावबाद झाला. चिडण्याचा पूर्ण हक्क असताना तो जाडेजाकडे गेला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मग परत फिरला. जाडेजाने अर्धशतक केलं, भारत आठ गड्यांनी जिंकला.

सिडनीला प्रेक्षकांतून सिराजला शिवीगाळ झाली तेव्हा रहाणे त्याला घेऊन पंचांकडे गेला, खेळ थांबला, काही प्रेक्षकांना बाहेर काढलं गेलं आणि संघ मैदानातच राहिला. ब्रिस्बेनला तर बुमरा, अश्विन, जाडेजा कुणीच नव्हतं. सिराज, नटराजन, शार्दुल, सैनी, वॉशिंग्टन सुंदर अशा पोरांनी वीस बळी घेतले आणि १९ जानेवारी २०२१ला ३२८चा पाठलाग तीन गडी राखून पूर्ण झाला. ऑस्ट्रेलिया १९८८नंतर गॅबावर, म्हणजे ब्रिस्बेनच्या त्या मैदानावर, कसोटी हरलं नव्हतं. चषक हातात आल्यावर रहाणेने तो नटराजनकडे दिला.

सचिन कर्णधार म्हणून का यशस्वी झाला नाही?

२५ कसोटी, ४ विजय, ९ पराभव. १९९७ला बार्बाडोसमध्ये १२० हव्या असताना भारत ८१वर बाद झाला, तो घाव खोल होता. पण त्या दौऱ्यावर श्रीनाथ नव्हता आणि परदेशात वीस बळी घेईल असा मारा त्याच्याकडे फारसा कधी नव्हताच. त्यापलीकडे त्याच्या स्वभावाबद्दल लोक जे सांगतात त्यावर माझा फार विश्वास नाही.

पंचांचा निर्णय पटला नाही तर कर्णधार संघाला बाहेर नेऊ शकतो का?

नेला तर सामना गमावण्याची वेळ येते. २००६ला ओव्हलवर चेंडूशी छेडछाड केल्याबद्दल पाकिस्तानला पाच धावांचा दंड झाला, इंझमामचा संघ चहापानानंतर वेळेवर आला नाही आणि पंचांनी सामना इंग्लंडला बहाल केला. कसोटीत असं एकदाच घडलंय. गावसकरही १९८१ला मेलबर्नवर चेतन चौहानला घेऊन निघाले होते. सीमेवर व्यवस्थापकांनी चौहानना थांबवलं आणि भारत तीच कसोटी ५९ धावांनी जिंकला. आपण चुकलो, असं गावसकर नंतर म्हणाले.

संथ षटकांची शिक्षा खरंच लागते का?

लागते. २०२०च्या त्याच मेलबर्न कसोटीत ऑस्ट्रेलियाची दोन षटकं कमी पडली, जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेचे चार गुण कापले गेले आणि अंतिम फेरीतली जागा थोडक्यात न्यूझीलंडकडे गेली.

महिला कसोटीत कर्णधारांबद्दल काय?

सामनेच फार कमी मिळतात, ही खरी तक्रार आहे. शांता रंगास्वामींनी १९७६ला सुरुवात केली. डिसेंबर २०२३मध्ये हरमनप्रीत कौरच्या संघाने नवी मुंबईत इंग्लंडला ३४७ धावांनी आणि लगेच वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला आठ गड्यांनी हरवलं. वर्षातून एखादी कसोटी खेळून डाव कधी घोषित करायचा हे ओळखणं किती कठीण असेल, याचा विचार व्हायला हवा.

विजयांच्या टक्केवारीवरून सर्वोत्तम कर्णधार ठरवता येतो का?

स्टीव्ह वॉ ५७ पैकी ४१, कोहली ६८ पैकी ४०, गावसकर ४७ पैकी ९ आणि त्यात ३० अनिर्णित, वाडेकर १६ पैकी ४. वॉकडे मॅग्रा आणि वॉर्न होते. कोहलीने पाच गोलंदाज खेळवायची जोखीम घेतली आणि वेगवान मारा घडवला, म्हणून त्याच्या आकड्यामागे त्याचं काम आहे. आणि फ्रँक वॉरेल फक्त १५ कसोटींत कर्णधार होते. संपूर्ण मालिकेसाठी नेमलेले वेस्ट इंडिजचे पहिले कृष्णवर्णीय कर्णधार. बेटाबेटांत वाटल्या गेलेल्या खेळाडूंचा त्यांनी एक संघ केला. कॉन्ट्रॅक्टर जखमी झाले तेव्हा रक्त द्यायलाही ते पुढे आले. हे कोणत्या टक्केवारीत बसवणार?

कर्णधारपद कळायला सामना कसा बघावा?

चेंडूकडे नका बघू. दोन चेंडूंच्या मधे बघा. कर्णधार मिडऑफला आहे की स्लिपमध्ये, चौकार गेल्यावर तो गोलंदाजाकडे चालत जातो की लांबूनच हात उडवतो, क्षेत्ररक्षक चेंडू गेल्यावर हलवतो की आधी. मेलबर्नच्या त्या सकाळची चित्रफीत मिळाली तर स्मिथ बाद होण्यापूर्वीचे चेंडूही लावा आणि फक्त पुजारावर नजर ठेवा.